चतुर्दशी माझी

२९ जुलै २०२४, सोमवार. हळर्ण

समोरच्या विमलचा साईश गेला.

सकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. पंचायतीचा सेक्रेटरी, एक पोलीस आणि मागून छत्री धरून सरपंच असे तिघे तिच्या अंगणात शिरले, तेव्हाच मी ओळखलं. अशी माणसं पावसातून एकदम का येतात, हे या वाड्यावर माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सूप तिथंच टाकून मी रस्ता ओलांडला. विमल माझ्या गळ्यात पडली. "बाई, माजो साईश गेलो गो! तुमी शिकयल्लो साईश!" तिचा नवरा सगुण खांबाला धरून नुसता उभा होता.

आफ्रिकेत शांतिसेनेत होता. सव्वीस वर्षांचा. पहिली ते चौथी माझ्या वर्गात, डावखुरा, आणि मी कितीही ओरडले तरी पेन्सिल डाव्याच हातात.

रडले मी. खरंच रडले. पण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही, म्हणून पुढचंही लिहून ठेवते. घरी येऊन चहा ठेवला आणि मनात आलं, आता या गावात अशी घरं दोन झाली. छत्तीस वर्षं माझं एकटीचं होतं.

आलं मनात. त्याला मी काय करू?

४ ऑगस्ट, रविवार

आज त्याला आणलं. मोपाच्या विमानतळापासून इथपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. पेडण्यात दुकानं बंद. पुढे झेंडे लावलेल्या मोटारसायकली, मागे फुलांनी सजवलेला ट्रक, त्यावर पेटी, पेटीवर तिरंगा. आमच्या तिठ्यावर एवढा थोरला बॅनर की मागचा बसस्टॉप दिसेना. 'शत्रूशी लढता लढता वीरमरण.' त्यात साईशपेक्षा आमदाराचा फोटो मोठा. पेटी उघडली नाही. विमल तिच्यावरून हात फिरवत राहिली आणि तिच्यासमोर पन्नास मोबाइल.

मी टाचा उंचावून उभी होते आणि माणसं मोजत होते. लिहायला लाज वाटते, पण मोजत होते. वर्गातली मुलं मोजायची सवय, रांगेरांगेने मोजते. बाराशेनंतर सोडून दिलं.

माझा पांडुरंग आला तो १९८८च्या मार्चमध्ये. (बोलताना मी नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घेते. अरे-तुरेही करते. तो सत्ताविसाचा राहिला, मी एकसष्टाची झाले.) श्रीलंकेत जाफन्याच्या बाजूला गोळी लागली, दहनही तिकडेच झालं. लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा गडू मांडीवर घेऊन एक हवालदार कदंबच्या बसने आला, तिठ्यावर उतरला आणि पाव विकणाऱ्या पोदेराला थांबवून त्याने घर विचारलं. पोदेर सायकल हातात धरून त्याच्यासोबत आमच्या अंगणापर्यंत चालत आला. तेवढीच मिरवणूक. तेराव्याला आलेली माणसं माझ्याच ओटीवर बसून एकमेकांना म्हणाली, "दुसऱ्यांच्या भांडणांत मराक कित्याक गेल्लो?"

आफ्रिका म्हणजे काय डिचोलीच्या पलीकडे आहे? पण आज तो प्रश्न कुणाला पडला नाही.

गोकुळदासही होता. पांडुरंगाच्याच पलटणीतला, गावातला एकटाच निवृत्त फौजी. त्याची पदकं मी आज पहिल्यांदा बघितली. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर चार पदकं, आणि पेटीसमोर असा सॅल्यूट ठोकला की टीव्हीवाल्यांनी त्याला पुन्हा करायला लावला. आमच्या वेळी तो स्वतःच बंदूक घेऊन तिकडे होता, इथे कसा असणार, हे मला कळतं. तरीसुद्धा.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. एकतीस वर्षं या शाळेत झेंड्याची गाठ मी बांधली. आज विमलला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, 'वीरमाता' म्हणून खुर्ची. मलाही बोलावलं होतं. ओवाळणीचं ताट धरायला.

धरलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पांडुरंगाचा म्हाळ झाला. दीर फोंड्याहून आला, विधी त्याने केला. भटजी शिधा घेऊन गेले.

पितृपक्षात ज्याचा त्याचा म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीला. फक्त शस्त्राने गेलेल्यांना चतुर्दशी. मग मरण कुठल्याही तिथीचं असो. पंचांगातच तसं आहे. आणि आमच्या वाड्याची आणखी एक रीत, सासूबाईंनी मला सांगितलेली: फौजेतल्या माणसाच्या पानावर फौजेतलाच माणूस जेवायला बसतो, आणि तो एका पक्षात एकाच मयताच्या पानावर बसतो, दोघांच्या नाही. म्हणून इतकी वर्षं चतुर्दशीला गोकुळदास माझ्याकडे; फौजेत होता तेव्हाही सुट्टी याच दिवसांत काढायचा. गावात त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच चुलीवर म्हाळाचं शिजत नाही. माझ्या एकटीच्या घरातून वड्यांचा वास सुटतो आणि जाणारी-येणारी माणसं म्हणतात, आज बाईंकडे पांडुरंगाचा म्हाळ. वर्षातून तेवढं एकदा त्याचं नाव निघतं.

आज भटजी जाता जाता बोलून गेले, "फुडल्या वर्सा साईशाचोय चतुर्दशीक येतलो. म्हाळ दोन आनी गोकुळदास एक. कशें करतलीं तुमी?" पहिल्या वर्षी म्हाळ नसतो, म्हणून यंदा सुटले.

गोकुळदास जेवला नेहमीसारखाच, मुकाट्याने. हात धुवून म्हणाला, "वयनी, वायच विमलागेर वतंय. सगुणाक बरां नाय." शर्ट परत इस्त्रीचा. माझ्याकडे येताना छत्तीस वर्षांत कधी इस्त्री केलेली मला आठवत नाही. मला काय त्याचं, म्हणा.

२० नोव्हेंबर

विमल आता रोज दुपारी येते. ओटीवर बसते, भिंतीला डोकं टेकते, बोलत काही नाही. तासाभराने "वतंय बाई" म्हणून उठते. आज मी विचारलं, घरी कामं नाहीत का? तर म्हणे, "घरा लोक येतत, बाई. फोटो काडतत. हंय कोण येना."

म्हणजे माझ्याकडे कुणी येत नाही हे मला ऐकवून गेली.

१२ जानेवारी २०२५

गोकुळदास विमलचे पेन्शनचे कागद घेऊन पणजीला गेला. या महिन्यात तिसऱ्यांदा. माझे कागद मी एकटीने केले होते, बसने जाऊन, उपाशी. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तेन्ना मी हंय नासलंय, वयनी." एवढंच. इथे नव्हता, ते खरंच. मग चहा न घेताच गेला आणि मला दिवसभर करमलं नाही.

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

तिठ्यावर साईशचा अर्धपुतळा बसला. वर्षश्राद्ध गेल्या महिन्यातच झालं. पुतळा तेव्हाच व्हायचा होता, पण आमदाराला आजची तारीख हवी होती. मिशा कुणाच्या लावल्यात कोण जाणे, साईशला मिशी नव्हतीच. खाली संगमरवरी पाटी: 'शत्रूच्या गोळीला छाती देऊन अमर झालेला हळर्णचा सुपुत्र.'

आठ दिवसांपूर्वी मी सरपंचांकडे गेले होते. कधी कुणाकडे काही मागायला न गेलेली मी. म्हटलं, त्याच पाटीवर खाली बारीक अक्षरात पांडुरंगाचं नाव घाला. एक ओळ. दगड तोच, खर्च नाही. सरपंच माझाच विद्यार्थी. खुर्ची दिली, थंड सरबत दिलं आणि म्हणाला, "बाई, तां आता पोरनां जालां. लोकांक कळचां नाय तां झूज खंयचां."

पोरनां. जुनं झालं म्हणे. मी तर रोज त्याच्याच घरात राहते.

आज फीत कापली तेव्हा सगळे पुतळ्याकडे बघत होते, विमल स्वतःच्या पायांकडे. टाळ्या वाजल्या तरी मान वर केली नाही. मला राग आला. एवढं मिळतंय तर निदान बघ तरी!

३ सप्टेंबर, बुधवार

आज दुपारी विमल आली ती पदरात एक पाकीट लपवून. आत येऊन दार लोटलं. इंग्रजीत टाइप केलेलं पलटणीचं पत्र होतं.

"वाचा, बाई. काय आसा तां माका खबर आसा. तरी वाचा."

माझं इंग्रजी चौथीपुरतं, पण मी अक्षर अक्षर लावून वाचलं. साईश गोळीने गेला नव्हता. मलेरियाने गेला. ताप डोक्यात चढला, तिकडच्या इस्पितळात दोन दिवस बेशुद्ध होता, आणि तिसऱ्या दिवशी संपला.

"पेटयेवांगडा आयल्लो सायब तेन्नाच सांगून गेल्लो सगुणाक. पण तवसर तिठ्यार बॅनर लागल्लो. सगुण म्हणालो, आता उगी रव." तिने डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "तीन दिस आदी माका फोन केल्लो त्येणां. आये, म्हणालो, अंग तापलां, तोंडाक चव नाय. मी म्हटलां, मिरी-आल्याचो काढो घे. आफ्रिकेत खंय गावतलो त्येका काढो?"

मग तिने विचारलं ते असं. साईशची तिथी अष्टमी. तो तापाने गेलेला, तेव्हा त्याचा म्हाळ अष्टमीला. पण अष्टमीला घातला तर चतुर्दशीला का नाही म्हणून सगळा गाव विचारणार आणि सगळ्यांना कळणार. चतुर्दशीला घातला तर गावात मान राहील, पण ते पान शस्त्राने गेलेल्यांचं. "माजो पोर अष्टमीक दारार येतलो, बाई, आनी चूल थंड आसतली. तो उपाशीच परततलो. काय करू, सांगा."

मी एका क्षणात सांगितलं. "अष्टमीकच घाल. लोकांक काय जाय तां म्हणांदी. आवय आसान पोराक उपाशी धाडतंय?"

ती माझ्या पायांवर डोकं ठेवून गेली.

४ सप्टेंबर

रात्रभर... नाही, खोटं लिहायचं नाही. रात्री गाढ झोपले. कित्येक महिन्यांनी.

पत्र वाचून मला आनंद झाला होता. तोंडाने "अगे बाय" म्हणत होते आणि आतून उकळी फुटत होती. गोळी नाही! चतुर्दशी माझीच. गोकुळदास माझाच. तिठ्यावरचा तो मिशीवाला आता लोकांच्या डोळ्यांतून उतरणार आणि तेव्हा कुणीतरी म्हणणार, खरा लढून गेला तो बाईंचा पांडुरंग.

मी विमलला जे सांगितलं ते खरंच आहे. कुठल्याही भटजीला विचारा, पंचांग उघडा. सासूबाई असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मग आज सकाळपासून माझा घास का उतरत नाही? खरं बोलले, पण ते कशासाठी बोलले, हे एकटी मीच जाणते.

९ सप्टेंबर

भटजींना अष्टमी सांगितल्यावर ती गोष्ट तिठ्यावर पोचायला अर्धा तासही लागला नाही. वर्षभर तिच्या अंगणात चपला मावत नव्हत्या. कालपासून कुणी नाही. बाजारात माझ्या कानावर आलं, "फसयलां आमकां. तापान तर कोणय मरता." दुसरा म्हणाला, "आमी दुकानां बंद दवरली, फुलां उडयली, आनी हें असां."

मुलगा गेला तो गेलाच ना? पण यांना गोळी हवी होती. गोळी नसेल तर फुलांचे पैसे परत हवेत असं यांचं तोंड.

हे मी लिहितेय. मला कुठली गोळी हवी होती आणि कुणाची नको होती, तेही इथेच वर लिहिलेलं आहे.

पंचायतीचे दोघे तिच्याकडे गेले होते. म्हणाले, चतुर्दशीला घाला, आम्ही सगळे जेवायला येतो, विषय संपला. सगुण हो म्हणत होता. विमल म्हणाली, "तुमी येशात. साईश येवचो नाय." सगुण तिच्याशी बोलत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

उद्या अष्टमी. विमलने बारा घरी आमंत्रणं केली होती. कुणाची कंबर दुखते, कुणाला म्हापशाला जायचंय. साईशच्या पानावर बसायला कुणी नाही. फौजेतला तर नाहीच, साधाही नाही.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. मी वाट बघत होते, ती येईल आणि गोकुळदास मागेल. मग मी नाही म्हणेन, असंही ठरवून ठेवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं.

संध्याकाळी गोकुळदासच आला. पायरीवरच उभा राहिला. "वयनी, विमलागेर पानार बसपाक कोण नाय. मी थंय बसलंय तर चतुर्दशीक तुमगेर बसूक येवचां नाय. तुमी सांगशात तसां."

मी म्हटलं, "सदतीसावा म्हाळ आहे, भावजी. एकदाही चुकला नाहीत तुम्ही."

"नाय चुकलंय."

"मग?"

त्याची टोपी या हातातून त्या हातात. मला वाटलं तो म्हणेल, वयनी, मी तुमचंच बघणार. म्हणाला नाही. म्हणाला, "तापान गेल्लोय फौजीच, वयनी. आमच्यांतले तापान कितके गेले, तुमकां कोणें सांगलां नाय."

मी आत गेले. चुलीजवळ उभी राहिले बराच वेळ. समोरच्या घरात एकटी विमल खोबरं किसत होती, खिडकीतून दिसत होती. किसणीचा आवाज थांबेचना. इतकं खोबरं कुणासाठी किसतेय ही बाई, बारा घरांतून कुणी येणार नाही, हिला कळत नाही का?

बाहेर येऊन मी गोकुळदासला सांगितलं, "जा. बसा तिच्याकडे. आणि इस्त्रीचा शर्ट घाला."

१४ सप्टेंबर, रविवार

आम्ही पाच जण. विमल, सगुण, भटजी, गोकुळदास आणि मी. भटजी विधी उरकून निघाले तेही घाईत.

साईशचं पान वाढलं ते मी बघत होते. खतखतें, वडे, खीर हे सगळं होतंच. मग विमल आतून कागदाची पुडी घेऊन आली. तिठ्यावरच्या हॉटेलातली पातळ भाजी आणि एक उंडो. म्हाळाच्या पानावर पाव! सगुण ओरडला, "खुळां जालां तुका?" तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उंड्याची वरची कडक साल काढून बाजूला ठेवली. "त्येका ती तोंडाक टोचता," एवढंच म्हणाली. भाजीतल्या मिरच्या वेचल्या. खीर पानाच्या डाव्या बाजूला सरकवली, कारण तो डावखुरा. वडा मोडून त्यात गूळ भरला. मग थोडी मागे झाली, पान पुन्हा बघितलं, आणि मीठ उचलून टाकलं. मीठ वरून घेतलेलं त्याला आवडत नसे.

गोकुळदास जेवला. पानातलं काही सोडलं नाही. सगुणने शेवटी तोंडावर पंचा धरला आणि हुंदके देऊन रडला, आणि विमल त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आणि मी जळत होते. आता गर्दी नव्हती, पुतळा नव्हता, टीव्ही नव्हता, आणि माझ्या आयुष्यात जळले नसेन इतकी मी त्या पानावर जळत होते. तिला तो सव्वीस वर्षं मिळाला. साल कुठली, मिरची कुठली, मीठ किती, सगळं ठाऊक. पांडुरंग माझ्याजवळ होता लग्नानंतरच्या दोन सुट्ट्या. मोजून ब्याण्णव दिवस. सासूबाई वाढायच्या, तो खाली मान घालून जेवायचा आणि मी दाराआडून बघायची. म्हाळाला त्याच्या पानावर मी इतकी वर्षं वाढत आले ते सासूबाईंनी घालून दिलेलं. त्याला काय आवडायचं, मला माहीत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार. चतुर्दशी

सकाळी सहाला विमल आली. न बोलावता. पदर खोचून म्हणाली, "पाण्याक कोण, मी. वाटपाक कोण, मी. तुमी चुलीकडे रवा." मी नको म्हटलं नाही.

दीर आला, भटजी आले, विधी झाला. वड्यांचं पीठ मळताना विमल सहज विचारती झाली, "बाई, त्येंका काय आवडायचां?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कसे गेले, कुठे गेले, पेन्शन किती, हे विचारलं. हे नाही. मी पळी हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "मला ठाऊक नाही गं." आणि हे बोलताना माझा आवाज असा फाटला की दीर ओटीवरून आत डोकावला.

विमलने परात बाजूला सारली. हात धुतले, बाहेर गेली आणि थोड्या वेळाने गोकुळदासला घेऊन आली. तो नेहमीसारखा पायरीवर थांबला. आज त्याला पानावर बसायचं नव्हतं, म्हणून आत यावं की नाही हे त्याला कळेना.

"दुधाचो डबो," तो म्हणाला. "आमकां थंय गोड घट्ट दुधाचो डबो गावायचो. पांडू तो डबो फोडून भातार वतायचो, सगळो. आनी वयर मिरचेचां लोणचां. पलटण हासायची त्येका. तो म्हणायचो, घरा गेल्यार बायलेक करून घालतलंय, ती काय म्हणता बघया."

"म्हणायचा?"

"सदांच म्हणायचो, वयनी."

मला त्या माणसाचा असा राग आला! चार वर्षं हा त्याच्या शेजारी जेवला, झोपला, हसला. इतके म्हाळ माझ्या घरी जेवून गेला आणि हे एकदाही बोलला नाही. तसं मी म्हटलंही, ओरडूनच. तो टोपी काढून म्हणाला, "तुमी केन्नाच इचारूक नाय. माका दिसलां, तुमकां आयकूचां नाय आसतलां."

विमल तोवर दुकानातून डबा घेऊन आली होती.

पान वाढलं. सासूबाईंचे पदार्थ बाजूला, मधोमध पांढरा भात, त्यावर मी डबा उपडा केला. दूध जाड, हळूहळू उतरत होतं. वरून लोणचं. ते बघूनच दिराने तोंड वाकडं केलं. म्हणाला, "आता ह्या पानार बसता कोण? गोकुळदासाचां जालां. गायीक घाला."

मी पाटावर बसले.

"वयनी, बायलमनशान बसपाचां नसता..."

"मग तू बस."

तो बसला नाही. मी भात कालवला. लोणच्याचं तेल दुधात उतरून सगळं तांबूस झालं होतं. पहिला घास तोंडात घातला, आणि खरं तेच लिहिते, इतकं घाणेरडं मी जन्मात खाल्लं नाही. गोड, खारट, तिखट, आंबट, सगळं एकदम, आणि दातांना चिकटणारं. पायरीवर गोकुळदास माझ्या तोंडाकडे बघत होता. सदतीस वर्षं कुणीतरी ही गंमत बघायची राहून गेली होती, तशा डोळ्यांनी.

"कसां लागता?" विमलने विचारलं.

"शी!" मी म्हटलं, आणि हसायलाच आलं मला. हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही. दीर बघत राहिला, विमलही हसायला लागली, तिच्याही गालांवर पाणी.

"बाई, आनीक वाढूं?"

मी पान पुढे केलं.